सिरीजचा बल्ब

शिलाई मशीनची मोटर शोधायला गेले होते, रविवारी, जुन्या बाजारात.
रिक्षात घालून आणला कॉम्प्युटर.
सातशे रुपये. उन्हात राहिलेल्या अस्तरासारखा पिवळट,
बाजूला कुण्या पतपेढीची चिकटपट्टी : टेबल ३, सन ९१.
विकणारा म्हणाला, चालू नाहीये ताई,
पण बंद आहे असंही नाही म्हणणार.

तापकीर गल्लीत मणेर बसतात,
माझ्या मशीनचे कार्बन त्यांच्याचकडून.
म्हणाले, आधी काही करू नकोस.
लावून तर बघू, असं येईल मनात. लावू नकोस.
प्लग काढ, रात्रभर राहू दे.
वायर काढली तरी आत कुठेकुठे दबा धरून असते वीज.
मॉनिटर उघडायचाच नाही. त्याच्या पाठीत काचेची मान आहे,
ती किती दिवसांनी फटका देईल, नेम नाही. तो इकडे आण.
सप्लायचा डबाही तसाच बंद राहू दे.
मग माझ्यासाठी उरलं काय?
पुष्कळ, म्हणाले, आणि चहा सांगितला.

धनकवडीत, दुकानाचं शटर अर्धं ओढून,
फॉल लावायच्या साड्या माळ्यावर टाकल्या.
नायलॉनची ओढणी खुंटीला.
आतल्या पत्र्याला आधी बोट लावायचं,
देवळाच्या उंबऱ्याला लावतो तसं,
अंगातली ठिणगी तिथेच ठेवून पुढे जायचं.
स्क्रू नऊ. बटणांच्या डब्यात नऊ कप्पे,
कुठला कुठून निघाला ते टेलरच्या खडूने.
मोबाइलवर फोटो, प्रत्येक वायरीचा,
परत लावताना मी माझी नसणार म्हणून.

धूळ. एक पाल, छापल्यासारखी सपाट.
आणि कोपऱ्यात फुटलेली बॅटरी,
भोवती सगळं हिरवं,
कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं तसं.
बॅटरी कापून काढली. हातमोजे घालून,
चायनीजच्या गाडीवरून मागून आणलेलं व्हिनेगर,
कानातल्या काडीने, हळू, मग स्पिरिट.
मीटरच्या दोन टोकांनी एकेक रेघ विचारत गेले.
जोड असला की ते शीळ घालतं.
एका रेघेवर गप्प बसलं.

रफू करायचं, म्हणजे.
हे मला कुणी शिकवायला नको होतं,
फक्त सुई तापलेली.
मणेरांनी मेलेल्या रेडिओचं हिरवं बोर्ड दिलं होतं सरावाला,
त्यावर पहिला डाग राखी, गोळा झालेला,
दुसरा त्याहून वाईट.
अकरावा चकाकला. मग खऱ्यावर,
केसाएवढी तार, श्वास दाबून,
इकडून तिकडे.
शीळ आली.

मॉनिटर मणेरांचा, उसना.
शंभरचा बल्ब सिरीजमध्ये. भक्क पेटून तसाच राहिला
तर आत शॉर्ट आहे, बंद कर, रडत बसू नकोस.
एक हात पाठीमागे, दुसऱ्याने बटण.
पेटला. सगळं दुकान पिवळं झालं,
काचेतली बाहुलीसुद्धा.
मग उतरला, उतरला,
निरांजनातलं तूप संपताना होतो तेवढा,
आणि तिथे थांबला.

आता बल्ब काढ, फोनवर मणेर. फ्लॉपी घाल.
आणि ते तुझं सुया गोळा करायचं लोहचुंबक कुठाय?
फ्लॉपीच्या शेजारीच होतं.
त्यांनी मला जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

खरखर. पुन्हा खरखर.
काळ्यावर हिरवी अक्षरं : तारीख विचारतंय.
आजची घातली, वर्षाचे दोनच आकडे.
चूक, म्हणालं.
पुन्हा घातली. चूक.
मग चिकटपट्टी पाहून एक्क्याण्णव घातलं,
ते लगेच पटलं त्याला.
त्या वर्षी मी चौथीत, बेरजा बोटांवर.
खाली एक रेघ लुकलुकत राहिली,
सांग काय करू, अशी.
मला काही सुचेना.

शटर वाजलं. पैठणीवाल्या बाई,
हातात पावती.
आजची तारीख दिली होतीस, म्हणाल्या.